बारीक अक्षराची फॅशन

फर्स्ट इयरची ग्राफिक्सची पहिली शीट आठवून पाहा. प्रोजेक्शन नाही, सेक्शन नाही, नुसतं लेटरिंग! टोकदार पेन्सिलीने फिक्या रेघा मारायच्या आणि त्यांच्यामध्ये 'ए' ते 'झेड' लिहीत बसायचं. रेघ सगळीकडे एकसारखी, 'ओ' गोल गरगरीत, अक्षराला नखं नाहीत की शेपट्या नाहीत. तेव्हा वाटायचं, आपण इंजिनिअर व्हायला आलोय की बालवाडीत? पण त्या शीटवर आपण जे गिरवत होतो त्याच्या जवळच्या अक्षराला छपाईच्या जगात मोठा मान आहे. त्याला म्हणतात जॉमेट्रिक सॅन्स सेरिफ. सॅन्स सेरिफ म्हणजे टोकांना नखं नसलेलं अक्षर, आणि जॉमेट्रिक म्हणजे वर्तुळ, चौकोन, त्रिकोण यांवर बेतलेलं. त्यातही रेघ बारीक असेल तर 'लाइट'.

सध्या या लाइट अक्षराचे दिवस आलेत. मोबाइलचं ॲप घ्या, कोचिंग क्लासचं पत्रक घ्या, नाहीतर मित्राच्या ताईची लग्नपत्रिका घ्या. पांढऱ्या कागदावर भरपूर मोकळी जागा, आणि मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारखं नाजूक अक्षर. दिसतं छान, यात शंका नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या यंदाच्या अंकाच्या बैठकीत एक सूचना आली. इंग्रजी विभाग 'पॉपिन्स' नावाच्या फॉन्टच्या लाइट वजनात लावायचा चाललंय, तर मराठी विभागही त्याच लाइटमध्ये लावू, म्हणजे अंक एकसारखा दिसेल आणि मराठी पानं 'जुनाट' वाटणार नाहीत. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, मला यावर लिहायचंय. "लिही, पण पाल्हाळ नको," अशी तंबी मिळाली. प्रयत्न करतो!

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढची पानं चाळायला बरं. पॉपिन्सला माझा विरोध नाही. लाइटलाही नाही. सलग मजकूर लाइटमध्ये लावायला मात्र आहे. अक्षर कुठलं निवडायचं हे ते वाचणार कोण, कुठून आणि कुठल्या उजेडात, यावर ठरावं. आपण मात्र ते लॅपटॉपच्या स्क्रीनवर, दीडशे टक्के झूम करून, आपल्या वीस वर्षांच्या डोळ्यांनी ठरवतो.

आधी या अक्षराची थोडी कुळकथा. १९२७ साली जर्मनीत पॉल रेनर यांचं 'फ्युचुरा' बाजारात आलं. वर्तुळ आणि सरळ रेघ यांच्यावर उभं केलेलं, यंत्रयुगाला शोभणारं अक्षर. आजही ते जुनं वाटत नाही. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी पाटी ठेवली, तिच्यावरचा मजकूर फ्युचुरातच आहे. पण यातली एक गंमत आपल्या कामाची आहे. रेनर यांनी सुरुवातीला छोटा 'आर' कसा काढला होता? एक उभी दांडी आणि तिच्या शेजारी एक सुटा ठिपका, बस्स! भूमितीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी. पण वाचणाऱ्याला तो 'आर' वाटेना. शेवटी तो बाजूला ठेवून नेहमीच्या वळणाचा 'आर' घ्यावा लागला. म्हणजे या घराण्याच्या मूळपुरुषालाच वाचकापुढे भूमिती वाकवावी लागली होती.

आणखी एक गोष्ट. या अक्षरांतलं वर्तुळ हे कंपासने काढलेलं वर्तुळ नसतं. एकाच उंचीचा चौकोन आणि वर्तुळ शेजारी ठेवले तर वर्तुळ डोळ्याला लहान दिसतं. म्हणून गोल अक्षर वर आणि खाली किंचित बाहेर काढावं लागतं. गोल आणि दांडी जिथे मिळतात तिथे काळा डाग दिसू नये म्हणून रेघ थोडी बारीक करावी लागते. आपल्या भाषेत सांगायचं तर डिझाइनमध्ये टॉलरन्स द्यावा लागतो, आणि तो पट्टीने मोजून देता येत नाही, डोळ्याने ठरवावा लागतो.

आता पॉपिन्स. हा फॉन्ट आपल्या देशातलाच, इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४ सालचा. त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी केली आणि रोमन लिपी जॉनी पिनहॉर्न यांनी. 'थिन' पासून 'ब्लॅक' पर्यंत नऊ वजनं आहेत. रोमनसारखीच यातली देवनागरीही शुद्ध भूमितीवर, मुख्यतः वर्तुळावर बेतलेली आहे. या जातीची, इतक्या वजनांत आलेली ही पहिलीच देवनागरी, असं तिच्या कर्त्यांचं म्हणणं आहे. परवाना मुक्त, त्यामुळे एक रुपया न देता वापरा, वाटा, अंकात छापा.

यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट वर्तुळाची नाही, उंचीची आहे. मराठी आणि इंग्रजी एकाच साइजमध्ये शेजारी ठेवून पाहा. बहुतेक फॉन्टमध्ये मराठी बारकी दिसते, कारण आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांटी-रफार आणि खाली उकार यांच्यासाठी जागा सोडावी लागते. मधल्या अक्षराच्या वाट्याला उरतं थोडंच. म्हणून तर डीटीपीवाले काका इंग्रजी बारामध्ये आणि मराठी चौदामध्ये लावतात. पॉपिन्समध्ये देवनागरी अक्षराची उंची इंग्रजीतल्या 'बी', 'डी', 'एच' यांच्या उंच दांड्यांइतकी धरली आहे, आणि इंग्रजी कॅपिटल अक्षरं त्याहून बुटकी ठेवली आहेत. म्हणजे एकाच ओळीत दोन लिप्या आल्या तर मराठीला मान खाली घालावी लागत नाही. हा विचार करणाऱ्याला माझा सलाम.

बारीक रेघेचेही फायदे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. 'राष्ट्र', 'शुद्ध', 'प्रक्षेपण' असे शब्द जाड अक्षरात मोठे करून बघा. 'ष्ट्र' च्या पोटात शाईचा गोळा होतो. तोच शब्द बारीक रेघेत मोठा केला तर एकेक वळण सुटं होतं, आत हवा खेळते. मोठं पोस्टर, अंकाचं मुखपृष्ठ, प्रेझेंटेशनचं पहिलं पान, प्रदर्शनातल्या मॉडेलशेजारची पाटी, इथे लाइट अक्षर शोभून दिसतं. मागून उजेड असलेल्या पाटीवर तर जाड अक्षराची उजळ रेघ फुगून शेजारच्या रेघेत मिसळते, तिथे थोडं बारीक अक्षरच बरं. इंजिनिअरच्या भाषेत, प्रत्येक मटेरियलचं एक काम असतं. कोणी ॲल्युमिनियमला नावं ठेवत नाही. पण त्याची क्रँकशाफ्ट करायला निघालात तर व्हायवाला काय होईल ते सांगायला नको.

आता थोडं गणित मांडू. आपल्या ड्रॉइंगच्या मानकांत लेटरिंगचे दोन प्रकार शिकवतात. 'ए' प्रकारात रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या १/१४, 'बी' प्रकारात १/१०. आता डोळ्यांच्या डॉक्टरकडचा तक्ता आठवा. त्यातली ६/६ ची ओळ अशी बेतलेली असते की सहा मीटरवरून एक अक्षर डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन करतं आणि त्याची रेघ एका मिनिटाचा. (मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग.) म्हणजे तिथे रेघ उंचीच्या १/५ आहे, चांगली जाडजूड. डॉक्टरने फॅशन म्हणून उद्या तक्ता लाइटमध्ये छापला तर गावातल्या निम्म्या लोकांना चष्मा लागेल!

तीस मीटरवरून वाचायची पाटी घ्या. एका मिनिटाचा कोन तिथे सुमारे ८.७ मिलिमीटर होतो. रेघ निदान तेवढी जाड हवी असं ढोबळ धरू. रेघ उंचीच्या १/७ असेल तर अक्षर सहा सेंटिमीटर उंच पुरेल. १/१० असेल तर पावणेनऊ. १/१४ असेल तर बारा सेंटिमीटर, म्हणजे दुप्पट. रेघ एका मिनिटापेक्षा बारीक झाली म्हणून एकदम गायब होत नाही, पण काळी रेघ करडी दिसायला लागते. आणि आपले डिझायनर मित्र हौसेने ती आधीच करडी करून ठेवतात. बारीक अक्षर, तेही करड्या रंगात, पांढऱ्यावर. याला अक्षर म्हणायचं की अफवा?

स्क्रीनवरही तीच गत. साध्या ९६ डीपीआयच्या मॉनिटरचा एक पिक्सेल साधारण ०.२६ मिलिमीटरचा. अडीच मिलिमीटर उंचीच्या 'ए' प्रकारच्या अक्षराची रेघ येते ०.१८. म्हणजे एका पिक्सेलहून कमी. पिक्सेल अर्धा काळा करता येत नाही, म्हणून कॉम्प्युटर तो करडा करतो. महागड्या फोनचे पिक्सेल बारीक असतात, त्यावर हे कळत नाही. गावाकडे आईच्या हातात असतो तो फोन महागडा नसतो, आणि ती तो बहुधा उन्हात धरून वाचते.

इथवर जे बोललो ते कुठल्याही लिपीला लागू आहे. आता खास देवनागरीचं. आपलं अक्षर बोरूतून आलं. तिरकं कापलेलं टोक, त्यामुळे वळणावर रेघ आपोआप जाड-बारीक होते, आणि त्या जाड-बारीकतेवरून डोळा अक्षर ओळखायला शिकलेला असतो. एकसारख्या रेघेत ही खूण जाते. मग उरतो फक्त आकार. 'ट', 'ठ', 'व' या मंडळींना वर्तुळ चालतं, ती जन्मतःच गोलाकडे झुकलेली. पण 'अ', 'इ', 'झ', 'ह', 'ज्ञ' यांना कोणत्या वर्तुळात बसवणार? आणि बसवायला गेलं की 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांच्यातला फरक एका छोट्या गाठीवर किंवा शिरोरेषेतल्या फटीवर येऊन ठेपतो. ती गाठ, ती फट लहान साइजमध्ये टिकली पाहिजे.

आणि अनुस्वार! इंग्रजीत 'आय' वरचा टिंब गेला तरी काही बिघडत नाही. आपल्याकडे 'मुलाची फी माफ' आणि 'मुलांची फी माफ' यांत फरक एका टिंबाचा आहे. लाइट वजनात रेघ जशी बारीक होते तसं टिंबही आकसतं. ते झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये उडालं की ऑफिसच्या खिडकीशी भांडण ठरलेलं. 'मूर्तींची' हा एकच शब्द पाहा. दीर्घ ऊकार खाली, आणि 'ती' च्या डोक्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार, तिघे एकत्र. एवढा संसार सांभाळणारं अक्षर किती बारीक करायचं याला काही हिशेब हवा.

मराठीच्या म्हणून आणखी दोन-तीन गोष्टी आहेत आणि त्या फॉन्ट निवडताना कोणी तपासत नाही. पहिली, 'ल' आणि 'श'. मराठी 'ल' दोन पाकळ्यांचा. हिंदीतला 'ल' वेगळा, दांडीला चिकटलेला. 'श' चंही तसंच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली, त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे घेतले. आजच्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवायची सोय करता येते. मजकुराची भाषा मराठी आहे असं नोंदवलं की मराठी रूप आपोआप यावं, अशी ती योजना. पण फॉन्ट करणाऱ्याने ती रूपं काढलेली हवीत, आणि लावणाऱ्याने भाषा नोंदवलेली हवी. दोघांपैकी एकाने जरी कंटाळा केला तरी आपला लेख हिंदी वळणात छापून येतो आणि आपल्याला कळतही नाही.

दुसरी गोष्ट, 'ऱ्य'. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' ही दोन वाक्यं एकच समजून कार्यक्रम ठरवलात तर व्यासपीठावर कोण बसेल आणि भात कोण शिजवेल याचा भरवसा नाही! ही चंद्रकोरीसारखी रेघ मराठीची खास खूण. ती जेवढी बारीक कराल तेवढी ती नजरेतून सुटते.

तिसरी, 'ॲ'. 'ॲप', 'ॲडमिशन', 'ॲसिड' हे आपले रोजचे शब्द. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसलं तर तिथे चौकोनी डबी छापून येते.

कोणी म्हणेल, एवढा बाऊ कशाला? फॉन्ट तो फॉन्ट. तर मित्रांनो, आपल्या भाषेत यावर माणसांनी आयुष्यं घातली आहेत. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या देवनागरी खिळ्यांचं नाव अजून अदबीने घेतात. राणोजी रावजी आरू या कसबी माणसाने ते कोरले. पोलादाच्या तुकड्यावर, उलटं, हाताने! बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांच्या अभ्यासावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, तो १९७१ मध्ये निघाला. कोल्हापूरचे र. कृ. जोशी यांनी 'मंगल' केला. विंडोज २००० पासून तो कोट्यवधी कॉम्प्युटरवर गेला, आणि आपल्यापैकी अनेकांनी मराठीचं पहिलं अक्षर टाइप केलं ते त्याच मंगलमध्ये. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी काढली की जाहिरातीतलं नाव पाहूनच नाटक विनोदी की गंभीर ते कळावं.

शेडगे यांच्या कामातून एक धडा घेण्यासारखा आहे. अक्षराला आवाज असतो. लाइट जॉमेट्रिक अक्षराचा आवाज स्वच्छ, शिष्ट आणि जरा थंड. मोबाइल बँकिंगला तो चालेल. पण गॅदरिंगला आपण संबळ लावून गोंधळ घालणार आणि त्याचं पोस्टर त्या थंड अक्षरात करणार? तिथे मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा 'मोदक' घ्या की राव! नावाप्रमाणेच गुबगुबीत, रेघ इतकी जाड की आत मोकळी जागा जवळजवळ नाहीच. लाइटचं दुसरं टोक. वाचायला मजकूर म्हणून तो कोणी लावणार नाही, पण चार शब्दांच्या पोस्टरला काय बहार येईल!

आता आपल्या गावाकडे वळू. तुळजापुरात राहून अक्षरांचा विचार न करणं अवघड आहे, कारण इथे पाटी ही शोभेची वस्तू नाही. नवरात्रात आणि कोजागरीच्या पौर्णिमेला सोलापूरच्या रस्त्याने माणसांची रांग लागते. रात्रभर चाललेली, पाय सुजलेली, डोळ्यांवर झोप असलेली माणसं. त्यांना पिण्याचं पाणी कुठे, दवाखाना कुठे, चपला कुठे, गाडी कुठे, आणि हरवलेलं पोर कुठे आणून देतात हे एका नजरेत कळलं पाहिजे. त्यांतले पुष्कळ जण म्हातारे. पुष्कळ जण कर्नाटक आणि तेलंगणातून आलेले, ज्यांना देवनागरी अडखळत वाचता येते किंवा येतच नाही. तिथे पाटी तीन-चार लिप्यांत हवी आणि चारही लिप्या एका कुटुंबातल्या दिसायला हव्यात. पॉपिन्सच्या घरात कन्नड आणि तेलुगू नाहीत. एक टाइपच्याच 'बलू' मध्ये आहेत, गूगलच्या 'नोटो सॅन्स' मध्ये आहेत. फॉन्टची निवड करताना 'दिसतो छान' याच्या आधी हा प्रश्न यायला हवा.

पूर्वी ही कामं पेंटर करायचा. भिंतीवर आधी खडूने रेघा, मग ब्रश. ब्रशलाच जाडी असल्यामुळे बारीक अक्षराचा मोह त्याला परवडायचा नाही. शिवाय तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन, मान तिरकी करून बघायचा, दिसतंय का. आता फ्लेक्स आला. ऑपरेटर नाव टाइप करतो, जागा उरली की अक्षर आडवं ताणतो, कमी पडली की चेपतो. ताणलं की उभ्या दांड्या जाड होतात आणि शिरोरेषा तेवढीच राहते. रस्त्यापलीकडे जाऊन बघायची पद्धत मात्र पेंटरबरोबरच गेली.

२०२३ साली आपल्या जिल्ह्याचं अधिकृत नाव धाराशिव झालं आणि पाट्या बदलल्या. बसमधून जाताना मी त्या 'धाराशिव' मधला 'श' बघत असतो. कुठे मराठी, कुठे हिंदी. त्यावरून मला एक चाचणी सुचली, ती फुकटात देतो. नवीन फॉन्ट उतरवला की 'द क्विक ब्राउन फॉक्स' टाइप करू नका. आपल्या भागातली गावं टाइप करा : तुळजापूर, धाराशिव, सोलापूर, लातूर, नळदुर्ग, बार्शी, काक्रंबा, उमरगा, औसा. 'ळ' आला, 'श' आला, 'ल' आला, रफार आला, 'क्र' आला, अनुस्वार आला, वर-खालच्या मात्रा-उकार आले. पुढे 'पुजाऱ्यांना ॲप' एवढे दोन शब्द जोडा. ही ओळ वाचायच्या साइजमध्ये छापून हातभर अंतरावर धरा, आणि मग चाळिशीच्या पुढच्या कोणाच्या तरी हातात द्या.

मी दिली. मागच्या सुट्टीत गेल्या वर्षीच्या अंकातला एक परिच्छेद दोन प्रकारे छापून घरी नेला. एक दहा साइजचा लाइट, दुसरा बारा साइजचा 'मुक्त' हा फॉन्ट, रेग्युलर वजनात. आजोबांनी पहिला कागद हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग उठून खिडकीशी गेले. थोड्या वेळाने म्हणाले, "काय रे, शाई सरली होती का?" दुसरा कागद त्यांनी जागेवर बसून वाचला आणि लेखकाच्या मताशी वाद घालायला सुरुवात केली. मला वाटतं, चांगल्या अक्षराची हीच खूण आहे. वाचणारा अक्षर विसरतो आणि लिहिणाऱ्याशी भांडायला लागतो.

आणि इथेच आपल्या अंकाचा प्रश्न आहे. हा अंक घरी जातो. इंग्रजी विभाग घरी चाळला जातो. "छान आहेत फोटो," म्हणतात. मराठी विभाग वाचला जातो. आई वाचते, शेजारचे काका वाचतात, गावातले मास्तर वाचतात. पोरगं चार वर्षं तिकडे काय करतंय हे त्यांना कळण्याची ही एक वाट आहे. आपले प्रोजेक्ट रिपोर्ट इंग्रजीत, प्रेझेंटेशन इंग्रजीत, रिझ्युमे इंग्रजीत. वर्षातून ही दहा-पंधरा पानं तेवढी त्यांच्या भाषेत. तीही त्यांना खिडकीशी नेऊन वाचायला लावायची, ती का, तर इंग्रजी पानांशी मॅचिंग दिसावं म्हणून?

विरोधी मुद्दे मी ऐकले आहेत. एक, "आजकाल सगळे झूम करून वाचतात." अंक छापील आहे मित्रा, कागदावर बोटं फिरवून काही होत नाही! दोन, "मराठी पानं जुनाट दिसतील." हा मुद्दा गंभीर आहे, कारण आपली मराठी पानं खरंच गचाळ दिसत आली आहेत. पण ते जुन्या वळणामुळे नाही. ओळींमध्ये जागा नसते, समास नसतो, शीर्षकाला तीन सावल्या आणि चौकटीला फुलं असतात. ते काढून टाका, पान आपोआप आधुनिक दिसेल. तीन, "पॉपिन्सच्या लोकांनी लाइट वजन उगाच केलं का?" उगाच नाही. नऊ वजनं केली, यातच उत्तर आहे. सगळीकडे एकच चाललं असतं तर त्यांनी एकच केलं असतं.

म्हणून माझी सूचना अशी. मुखपृष्ठ आणि लेखांची शीर्षकं पॉपिन्स लाइटमध्ये लावा, मोठी, मोकळी, काळ्या रंगात. त्याने इंग्रजी आणि मराठी विभाग भावंडं दिसतील, ही तुमची इच्छा पुरी होईल. मजकूर मात्र रेग्युलरपेक्षा बारीक नको. पॉपिन्सच हवा तर त्याचा रेग्युलर घ्या. दोन-तीन पानं सलग वाचायची असतील तर वर्तुळाचा हट्ट नसलेला मुक्त मला जास्त बरा वाटतो. साइज बारा, ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा, रंग काळा, करडा नाही. भाषा मराठी म्हणून नोंदवा. आणि अंतिम छपाईच्या आधी एक पान साध्या प्रिंटरवर काढून, त्याची झेरॉक्स काढून, त्या झेरॉक्सवर अनुस्वार मोजा. हे सगळं करायला एक संध्याकाळ पुरते आणि खर्च चहाचा.

यातून कोणाला फायनल इयरचा प्रोजेक्ट सुचला तर आनंदच आहे. फॉन्टची वळणं ज्या बेझिए वक्रांनी काढतात, ते मोटारींच्या बॉडी डिझाइनमधून आलेत. मेकॅनिकलवाल्यांनी छाती फुगवायला हरकत नाही. अक्षरं जोडून जोडाक्षर करण्याचे नियम हा कॉम्प्युटरवाल्यांचा प्रांत. कुठल्या अंतरावरून किती जाड रेघ लागते हे मोजणं सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना जमेल. 'फॉन्टफोर्ज' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मुक्त परवान्याचा फॉन्ट उघडून, एखाद्या फॉन्टमध्ये मराठी 'ल' नसेल तर तो काढून बसवता येतो, अट एवढीच की परवान्याचे नियम पाळायचे. आपल्या गावातल्या एका पाटीचं अक्षर सुधारलं तरी एका नवरात्रात ते लाखो डोळ्यांखालून जाईल. कितीजणांच्या प्रोजेक्टला एवढे वाचक मिळतात?

बाकी, हा लेख तुमच्या हातात कुठल्या अक्षरात पडतोय ते मला आज माहीत नाही. संपादक मंडळ ठरवेल. पण अंक घरी नेलात तर एवढं करा. हे पान आईच्या हातात द्या, आणि तिला चष्मा शोधावा लागला का, ते मला येऊन सांगा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी